पाठीवरचं गलबत

३ तारीख, मंगळवार

झालं एकदाचं. माझ्या पाठीवर आता तीन डोलकाठ्यांचं गलबत आहे. मानेखालून सुरू होऊन कमरेच्या वरपर्यंत. काल रेषा झाल्या, आज शिडांच्या छाया आणि खालचा समुद्र. मी स्वतः अजून नीट पाहिलेलं नाही. दोन आरशांच्या मध्ये वाकडी उभी राहिले तर गलबताचं पुढचं टोक, नाळ, दिसते, मागचं सुकाणू दिसत नाही. एवढं सोसून केलेली गोष्ट आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसणार, हे आधी कसं सुचलं नाही कोण जाणे.

गोंदणारी माझ्याहून पुष्कळ लहान, पण बोलते हेडबाईंसारखी. "ताई, निम्मं काम माझं होतं, ते झालं. उरलेलं तुमचं. सध्या ही जखम आहे, चित्र नंतर." मग तिने बजावून सांगितलं. पाठीवर चिकटवलेलं पातळ प्लास्टिक दोन-तीन तासांत काढायचं. कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने धुवायचं, टॉवेल घासायचा नाही, नुसतं टिपायचं. मलम सकाळ-संध्याकाळ, अगदी पातळ. ऊन लागू द्यायचं नाही, उताणं झोपायचं नाही. आणि खाजवलं तर ती माझं तोंड बघणार नाही म्हणे.

तिला जहाजावरच्या नोकरीचं सांगितलं. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला कंपनीची वैद्यकीय तपासणी आहे. अंगावर उघडी जखम किंवा संसर्ग दिसला तर नाव बाद. तोवर भरेल ना? "नीट काळजी घेतलीत तर आरामात," ती म्हणाली. तपासणीनंतर गोंदवून घेणं शहाणपणाचं होतं, मलाही कळतं. पण मी राहू दिलेल्या गोष्टी कायमच्याच राहतात, हा माझा त्रेचाळीस वर्षांचा अनुभव.

पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही. मलम आई लावेल. ती जन्मभर नर्स होती, मोठ्या वॉर्डाची सिस्टर. यापेक्षा चांगली व्यवस्था राजालाही मिळणार नाही.

४ तारीख, बुधवार

प्लास्टिक रात्रभर तसंच ठेवलं. दोन-तीन तास म्हणाली होती, पण मला वाटलं, झाकलेलं बरं. सकाळी आईने काढलं तेव्हा आत शाईचं पाणी साचलेलं, काळंनिळं. चादरीवर ओघळ.

"कुणी सांगितलं रात्रभर ठेवायला?" आई म्हणाली.

"अगं, पीठ मळून ठेवलं की वर ओलं फडकं टाकतो. उघडं ठेवलं तर वरून कातडं धरतं."

"तू पाव आहेस का?"

मग तिने चष्मा लावला आणि पाठ पाहिली. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. शेवटी म्हणाली, "एवढी शिडं लावलीस, वारा कुठून आणणार?"

हात मात्र अजून तोच आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कणभर कापत नाही. पाणी टाकलं ते मनगटावर बघून, टिपलं ते मधून कडेकडे. पाठ उन्हाने भाजल्यासारखी धगधगत होती, पण तिचा हात लागला की तेवढ्या जागेपुरती थांबत होती. लहानपणी आजारी पडायला मला आवडायचं ते याचसाठी. एरवी ती आमच्या वाट्याला यायची कुठे? दादा आणि मी तिची पाळी संपायची वाट बघत बसायचो.

६ तारीख, शुक्रवार

बेकरीत रजेनंतर पहिल्याच दिवशी बातमी फुटली. मोठे, म्हणजे आमचे भट्टीवरचे मुख्य कारागीर, मी ट्रे उचलताना कण्हले तर म्हणाले, "पाठीला काय झालं?" मी 'लचकली' म्हणायच्या आत पॅकिंगवाली बोलून मोकळी झाली. तिला सगळे रेडिओ म्हणतात ते उगीच नाही.

"गलबत काढून घेतलंय त्यांनी पाठीवर. सबंध."

"या वयात?" मोठे म्हणाले.

"नाहीतर कोणत्या वयात? तुम्ही पोटावर काढा, तुमच्याकडे जागा आहे."

मोठे हसले. पण मी नोकरी सोडणार आहे हे त्यांना अजून माहीत नाही, आणि पाठीवर जहाज आहे हे ऐकूनही त्यांच्या डोक्यात काही शिरलेलं नाही. तपासणी पास झाले की सांगेन. या भट्टीसमोर अठरा वर्षं उभी आहे. तेच बन, तोच खिडकीबाहेरचा गोदामाचा दरवाजा. जहाजावरच्या भट्टीला गोल खिडकी असते म्हणे. फोटोत पाहिली.

पहाटेची पाळी संपवून घरी येते, जेवते आणि पोटावर पडते. पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपते. झोपेत आईचा हात पाठीवरून फिरलेला कळतो, स्वप्नात पाणी येतं. उठते तर पाठ मऊ, चकचकीत. संध्याकाळचं मलम ती माझ्या झोपेतच उरकते. मला उठवावं लागू नये म्हणून.

९ तारीख, सोमवार

खाज. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही, डोक्यात दुसरं काही नाही.

कातडी सुटायला लागली आहे. शर्ट काढला की काळ्या निळ्या पापुद्र्यांचा चुरा पडतो. रेडिओ म्हणते, "तुमचं जहाज गळतंय." बसावं तर खुर्चीची पाठ नको, उभं राहावं तर भट्टीची धग नको. दोन्ही हात मैद्यात बुडालेले असताना दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे जगात कुणाचाच हात पोचत नाही तिथे, मुंगी चालायला लागते. ती मुंगी नसते. मैद्याच्या पोत्यांच्या थप्पीला पाठ घासावी असा विचार आज तीनदा मनात आला. एकदा तर पोत्यापर्यंत गेलेसुद्धा. रेडिओने ओढून आणलं आणि रिकाम्या ट्रेने वारा घातला.

घरी येतानाही तीच तऱ्हा. आधी चालले, मग बसमध्ये चढले, मधल्याच थांब्यावर उतरले, पुन्हा चालले. बंदरावर जाऊन उभी राहिले. तिथेही मन रमेना.

मलमाची ट्यूब संपली. कमाल आहे. महिनाभर पुरेल असं दुकानदार म्हणाला होता. ट्यूबमध्ये हवाच भरतात हल्ली. दोन नव्या आणल्या.

१२ तारीख, गुरुवार

दादाचा फोन. आईशी बोलला, मग माझ्याशी.

"आवाज तर एकदम खणखणीत आहे तिचा," तो म्हणाला. "तू बिनधास्त जा. नऊ महिने म्हणजे काय, असे जातील. मी दर आठवड्याला फोन करीन."

"येशील ना मध्ये एखादवेळी?"

"बघू. तुझ्या वहिनीची परीक्षा आहे, ती झाली की. पण आईला काय धाड भरलीय? ती आपल्या दोघांना पोचवून जाईल."

हे खरंच आहे. स्वतःचं सगळं स्वतः करते. भाजी आणते, कपडे धुते. फक्त जहाजाचा विषय निघाला की वाकड्यात शिरते. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "जहाज कधी निघणार तुझं?"

"अगं, सकाळीच सांगितलं. पुढच्या महिन्याच्या अखेरीला."

"अस्सं." आणि थोड्या वेळाने चहाचा कप पुढे ठेवताना, "जहाज कधी निघणार?"

मला कळतं हे काय चाललंय. जाऊ नको म्हणायचं नाही, पण पुन्हा पुन्हा तारीख विचारून मला बोचणी लावायची. बोलून काही करणार नाही ती, पहिल्यापासून अशीच. फार रागावली की अहोजाहो करते. दुपारी मला अर्धवट जाग होती तर म्हणते, "बाई, कुशीवर होऊ नका. दुखतंय का? दुखणारच, जखम आहे." मी उशीत तोंड घालून हसले. म्हटलं, घ्या, आता मी बाई झाले.

१५ तारीख, रविवार

कंपनीचं पत्र आलं. तपासणी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला.

आणि पाठ बिघडली आहे. आरशात नाळेजवळचा भाग दिसतो तेवढा पाहिला. सुकायच्या ऐवजी फुगलाय. खपल्या पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या पांढुरक्या, कडेला बारीक बारीक पुळ्या. शर्टाला चिकटतं. खाजेच्या जोडीला आता हुळहुळ.

पहिल्या रात्रीचं प्लास्टिक भोवलं, दुसरं काय! मीच केलं. सकाळपासून घरात नुसती फिरतेय. कपाट आवरायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं. आई म्हणाली, "बूड टेक की जरा. पायाला चाकं लावलीत का?"

१७ तारीख, मंगळवार

गोंदणारीकडे गेले. तिने पाठ पाहिली आणि दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिली.

"किती वेळा लावता मलम?"

"दोनदा. तू सांगितलंस तसं."

"ताई, खरं सांगा."

"अगं दोनदाच. आणि माझी आई लावते, ती नर्स होती."

"मग त्या जास्त लावतायत. ही कातडी सुकायला मिळतच नाहीये, सारखी ओली आहे. दिवसातून सहा-सात वेळा लावलं तर असं होतं. हे बघा, इथे खपलीबरोबर रंग उठून येतोय."

मला रागच आला. म्हटलं, "माझ्या आईने तू जन्माला यायच्या आधीपासून जखमा बांधल्यात. शाईत काही दोष नाही ना तुझ्या?"

तिने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. मग शांतपणे म्हणाली, "आठ दिवस मलम पूर्ण बंद. फक्त धुवायचं आणि कोरडं ठेवायचं. ते केलंत तर पाच तारखेला तुम्ही पास व्हाल. नाही केलंत तर मला बोलू नका."

येताना पायऱ्या उतरून खाली आले, परत वर गेले माफी मागायला, तिचं दार बंद होतं. पुन्हा खाली.

१८ तारीख, बुधवार

आईला विचारलं. सरळ विचारलं तर चिडेल म्हणून आडून. "मलम थोडं जास्त होतंय का गं?"

"कोण म्हणालं?"

"ती गोंदणारी."

"तिने किती वर्षं वॉर्ड सांभाळला?" आई ताठ झाली. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कमी नाही, जास्त नाही. माझ्या हातून आजवर कुणाला दोनदा औषध गेलं नाही."

खोटं बोलत असेल तर मला कळतं. खोटं बोलताना ती कानाची पाळी ओढते. हात मांडीवर होते. ती खरं बोलत होती, शंभर टक्के. म्हणजे शाईच खराब. त्या मुलीला मी उगीच मऊ बोलले.

तरी म्हटलं, आठ दिवस मलम नको, नुसतं धू. "बरं," आई म्हणाली. "तू म्हणशील तसं."

२० तारीख, शुक्रवार

पाठ ओली ती ओलीच. नव्या दोनांपैकी एक ट्यूब चपटी झालेली दिसली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कामावर बनचा एक अख्खा ट्रे जाळला. मोठ्यांनी तो स्वतः उचलून बाहेर नेला, म्हणजे फार रागावले असणार.

२२ तारीख, रविवार

सुट्टी. दुपारी पडले, पण पाठ अशी चावत होती की डोळा लागेना. पोटावर, तोंड भिंतीकडे, डोळे मिटून पडून राहिले. म्हटलं, झोप नाही तर नाही, निदान पडून तरी राहू.

आई आली. चपलांचा आवाज, भांड्यात पाणी, साबणाचा हात. टिपलं. मग मलम. मी 'अगं नको ना' म्हणणार होते. एवढ्यात ती म्हणाली, "बाई, कुशीवर होऊ नका. दुखतंय का? दुखणारच, जखम आहे." आणि गेली. नळ सुटल्याचा, भांडं उपडं ठेवल्याचा आवाज. म्हटलं, विसरली असेल मलम बंद आहे ते. उठल्यावर सांगू.

शेजारच्या घरातला रेडिओ बातम्या देत होता. बातम्या संपल्या नव्हत्या तोच चपला वाजल्या. भांड्यात पाणी. साबण. टिपणं, मधून कडेकडे. मलम. "बाई, कुशीवर होऊ नका. दुखतंय का? दुखणारच, जखम आहे."

मी हलले नाही. का हलले नाही ते सांगता येत नाही. वाटलं, हललं तर काहीतरी फुटेल.

तिसऱ्यांदा आली. तोच पाण्याचा मनगटावर अंदाज, तोच आवाज, एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी. घाईत नव्हती, गोंधळलेली नव्हती. उलट इतकी निवांत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वॉर्डातून फेरी मारत होती ती, आणि वॉर्डात मी एकटीच होते.

संध्याकाळी उठून बाहेर आले तर भाजी निवडत बसली होती. "झोप झाली?" म्हणाली. "चल, मलम लावून देते. आज राहिलंच आहे."

२३ तारीख, सोमवार

उरलेली ट्यूब कामावर नेऊन तिथल्या माझ्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

काही सिद्ध झालेलं नाही. म्हातारपणी माणूस विसरतंच.

२६ तारीख, गुरुवार

पाठ कोरडी होतेय. खपल्या घट्ट झाल्या, पुळ्या बसल्या. गोंदणारी बरोबर होती. तिला निरोप पाठवला, माफीही मागितली. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मला हेच तर हवं होतं, आणि मला घरात पाच मिनिटं बसवत नाही. एक विचार आला आहे आणि तो खाजेपेक्षा वाईट आहे, कारण त्याला ट्रेने वारा घालूनही भागत नाही. आई किती वेळा विसरली, ते फक्त माझ्या पाठीला माहीत आहे. फोनवर तिचा आवाज खणखणीत आहे. शेजारणीशी ती नीट बोलते. पैसे बरोबर मोजून घेते. पाठ एकदा भरली की दाखवायला काही उरणार नाही. मी जहाजावर असेन, आणि दादा दर आठवड्याला खणखणीत आवाज ऐकेल.

रात्री त्याचा फोन आला. "काय म्हणतंय घर?"

"मजेत," मी म्हटलं. "आई ठणठणीत आहे."

लिहून ठेवते. असं म्हटलं मी.

३० तारीख, सोमवार

मलम आता पुन्हा सुरू करायचं, थोडंसं. ट्यूब पिशवीत लपवून ने-आण करते. पावांना वरून दूध लावायचा आमचा ब्रश असतो, तसला एक नवा आणला आणि लाटण्याला बांधला. न्हाणीघराची कडी लावून आरशासमोर स्वतःच लावते. अर्धं मलम भिंतीला जातं. रेडिओला सांगितलं तर ती हसून खाली बसली. "दोनशे अंश तापलेल्या भट्टीत ठेवा आता, रंग छान येईल."

आई हल्ली दुपारी काय करते, कळत नाही. मी जागी असले तर माझ्यासमोर बसते आणि हात मांडीवर चोळत राहते. झोपले तर खोलीत येते, काही वेळ उभी राहते आणि जाते. एकदा म्हणाली, "इथे काहीतरी ठेवलं होतं मी."

"काय?"

"तेच आठवत नाहीये." आणि हसली. ओशाळं हसणं. हे हसणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलेलं नाही.

५ तारीख, रविवार

पास झाले.

सुट्टीचा दिवस असूनही कंपनीने तपासणी ठेवली होती, बाहेर उमेदवारांची रांग. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे तपासले, मग पाठ. बोटाने दाबून पाहिलं. "नवीन आहे, पण छान भरलंय. गलबत आमच्या जहाजांपेक्षा जुनं दिसतंय." सहीला बुधवारी यायला सांगितलं.

मला पळावंसं वाटत होतं, आनंदाने की कशाने ते ठरवता येत नव्हतं. पळतच घरी आले.

घराचं दार उघडं. बाहेरच्या खोलीतले सगळे खण ओढून जमिनीवर. स्वयंपाकघरातले डबे उपडे. माझ्या कपाटातले कपडे पलंगावर, पलंगाची गादी अर्धी खाली. मधोमध आई बसलेली, केस सुटलेले, गुडघ्यावर साबणाचं पाणी सांडलेलं.

"आई, काय झालं?"

"औषध संपलंय." तिचा आवाज फाटला होता. "सकाळपासून शोधतेय. भांडारात कुणी फोन उचलत नाही. त्या बाई तिथे उघड्या पाठीने पडल्यात, जखम ओली आहे त्यांची. त्यांनी किती वेळ वाट बघायची? मी काय सांगू त्यांना?"

दोन आठवडे. मी तिचं औषध कुलपात घालून दोन आठवडे झाले होते, आणि रोज दुपारी ती उपाशी रोग्यासारखी त्या बाईपाशी येऊन रिकाम्या हाताने परत जात होती. मला वाटत होतं, विसरली.

तिच्या मुठीत टूथपेस्ट होती. "हे मिळालंय," म्हणाली. "आजच्या दिवस यावर भागवू का?"

मी शर्ट काढला आणि त्या पसाऱ्यात, कपड्यांच्या ढिगाऱ्यावर पोटावर पडले. गार लागलं, मग झोंबलं. तिने पातळ लावली, मधून कडेकडे. हात कणभर कापत नव्हता. तिचा श्वास हळूहळू खाली आला.

पाठ धुऊन आवरायला रात्र झाली. पेपरमिंटचा वास अजून येतोय.

६ तारीख, सोमवार

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, मी खोटं बोलले तेही.

"अगं, पण आवाज तर..." तो म्हणाला.

"आवाजाचं सोड. तू ये, आणि चार दिवस राहा."

"माझी रजा..."

"दादा, मी तुला विचारत नाहीये."

मग नाक ओढल्याचा आवाज. शुक्रवारी येतो म्हणाला. तिला डॉक्टरांकडे दोघांनी मिळून न्यायचं ठरलं.

७ तारीख, मंगळवार

सकाळी कंपनीला फोन केला. तिथला माणूस गोंधळला. "तुम्ही पास आहात बाई. उद्या नुसती सही."

"माहीत आहे. मी येत नाहीये."

"पगाराचं काही असेल तर..."

"पगाराचं नाही. घरचं आहे."

"पुढच्या हंगामासाठी नाव ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं. ठेवा म्हणायला काय जातं! फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली.

दुपारी ट्यूब कामावरून परत आणून तिच्या खणात ठेवली. जेवले, पडले. जागीच होते. आई आली. पाणी, साबण, टिपणं. पण मलमाचं झाकण उघडल्याचा आवाज आला नाही. तिने चष्मा लावला असावा. बोटाने खांद्यापासून कमरेपर्यंत, सगळं जहाज शांतपणे तपासलं, डॉक्टरांनी तपासलं त्याहून सावकाश.

"बाई," ती म्हणाली, "जखम भरली तुमची. उठून बसा."

मी उठून बसले. शर्ट तिनेच पुढे केला, बाह्या धरल्या. समोरासमोर बसलो होतो आम्ही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, प्रेमाने, अगदी अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

"आता घरी जायला हरकत नाही. आणखी थोडे दिवस कुणीतरी रोज पाठीला बघायला हवं. घरी कोण आहे तुमच्या?"

"आई आहे," मी म्हटलं.

"मग काळजी नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या रोग्याकडे गेली.